एकतिसावं पोर कुठून आणायचं?

पटावर ३० मुलं असली तर शाळेला वर्षाला १० हजार रुपये. ३१ असली तर २५ हजार. हा हिशेब आमच्या मनाचा नाही, समग्र शिक्षा अभियानाच्या संयुक्त शाळा अनुदानाचा आहे. म्हणजे एकतिसावं पोर एकटं १५ हजारांचं. पुढं शंभरापर्यंत सगळी पोरं फुकट. एकशे एकावं मात्र थेट २५ हजारांचं, कारण तिथं अनुदान ५० हजारांवर उडी घेतं.

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरकुशीतल्या मुख्याध्यापकांनी यावर काय करायचं? खिचडीचा हिशेब, मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती हे सगळं शिक्षक करतातच. गावाचा जन्मदर वाढवणं तेवढं अशैक्षणिक कामांच्या यादीत यायचं राहिलंय. आणि वाढवूनही उपयोग नाही, कारण जन्मलेलं पोर आईबापांबरोबर कात्रज ओलांडून पुण्यात जातं आणि तिथल्या कुठल्या तरी शाळेचं एकशे एकावं होतं.

छपराला पट कळत नाही, ही खरी अडचण. वरंध घाटाच्या वाटेवर किंवा केळदकडं मढे घाटाच्या तोंडावर पाऊस कोसळतो तेव्हा तो आधी हजेरी घेत नाही. नऊ पोरांच्या शाळेचं कौल फुटतं तसंच नव्वद पोरांच्या शाळेचंही फुटतं. गवंडी दोन्हीकडं सारखीच मजुरी मागतो, वर घाटातल्या शाळेला सिमेंटच्या टेम्पोचं भाडं जादा. पण अनुदानाच्या तक्त्यात रकाना एकच : डोकी. भिंतीला रकाना नाही, पावसाला नाही, भोरच्या बाजारापासून शाळा किती लांब, यालाही नाही.

बरं, त्या १० हजारांत करायचं काय काय? बिघडलेलं साहित्य बदलायचं. खेळाचं, प्रयोगाचं, शिकवण्याचं साहित्य घ्यायचं. विजेचं बिल भरायचं, इंटरनेट चालवायचं, पाण्याची सोय बघायची, किरकोळ डागडुजी करायची. आणि किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. म्हणजे वर्षाला एक हजार. महिन्याला ८३ रुपये ३३ पैसे. त्यातल्या तेहतीस पैशांत काय आणावं, याबद्दल मार्गदर्शक सूचना अजून निघालेल्या नाहीत.

*

'मग बाहेरून पैसे आणा की!' हा सल्ला पुण्यात चहाबरोबर मिळतो. बाहेर पैसे आहेतही, नाहीत असं नाही. केंद्राच्या योजना आहेत, राज्याच्या स्पर्धा आहेत, कंपन्यांचा सीएसआर आहे, वाढदिवस साजरे करणारे पुढारी आहेत. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. अनुदान शाळेला मिळत नाही, अर्जाला मिळतं.

आता हा अर्ज लिहिणार कोण? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं ६० पटापर्यंत प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. त्यातले एक गुरुजी केंद्रशाळेच्या बैठकीला गेले की दुसऱ्या बाई चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसतात. लेखनिक नाही, शिपाई नाही, लेखापाल नाही. ही सगळी पदं एकाच खुर्चीत बसतात आणि ती खुर्चीसुद्धा शैक्षणिक उठावात, म्हणजे लोकवर्गणीतून, मिळालेली असते.

अर्जाला काय लागतं ते बघा. अकरा आकडी यूडायस क्रमांक. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. शाळेचे जिओटॅग फोटो. ते काढता येतात, पण चढवायला रेंज लागते आणि रेंज टेकाडावर असते. दरपत्रकं. मागच्या निधीचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मागचा निधी मिळाला नसेल तर तो नीट खर्च केल्याचा पुरावा कुठून द्यायचा हा आणखी वेगळा प्रश्न. आणि जागेचा उतारा. इथं भले भले अडतात. कारण खेड्यातल्या कित्येक शाळांची जागा कुणा तरी आजोबांनी 'घ्या, पोरं शिकतील' एवढं बोलून दिलेली असते. बक्षीसपत्र झालेलं नसतं. आजोबा गेले, शाळा उभी आहे, सातबाऱ्यावर अजून आजोबाच आहेत. देणगीदाराला त्यांची सही हवी असते.

वेल्ह्याला तर आणखी एक गंमत आहे. २०२४ साली मंत्रिमंडळानं तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. नाव उत्तम आहे, वाद नाही. पण जुन्या कागदावर वेल्हे आणि नव्या कागदावर राजगड असेल, तर मुंबईत बसून अर्ज तपासणाऱ्याला शाळा एका तालुक्यातली आणि तिचे कागद दुसऱ्या तालुक्यातले वाटायचे. महाराजांनी राजगड बांधला तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढं नव्हता.

शेवटी येतो तो रकाना : 'आपल्या प्रकल्पाची नावीन्यपूर्णता २०० शब्दांत लिहा.' गुरुजी प्रामाणिकपणे लिहितात, 'छत गळतंय, ते थांबवायचंय.' चार शब्द झाले. उरलेले १९६ लिहायला शहरात माणसं असतात. त्यांच्याकडं सक्षमीकरण, शाश्वतता, समावेशकता आणि एकविसाव्या शतकातली कौशल्यं घाऊक भावात मिळतात. ती घातली की गळक्या छताचं 'हवामान-अनुकूल अध्ययन अवकाश' होतं आणि अर्ज पुढं सरकतो. ज्या शाळेला असा माणूस भेटला तिचं छत दुरुस्त होतं. ज्या शाळेत चार शब्दांचे गुरुजी आहेत तिथं बादली ठेवली जाते.

*

समजा, पैसा मंजूर झाला. तो येतो कधी? खेड्यातल्या मास्तरांना विचारा, ते महिन्याचं नाव सांगणार नाहीत, नुसते हसतील. ३१ मार्च हा भारतातला सगळ्यात मोठा शैक्षणिक सण आहे. आता पैसा शाळेच्या खात्यात पडूनही राहत नाही, खर्चाची मर्यादा येते. ती वेळेत खर्ची टाकली नाही तर वरच्यावर परत. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाळेला जे हवं ते न घेता दुकानात जे आहे ते घेतलं जातं. एखाद्या शाळेत सहा ग्लोब दिसले तर भूगोलाची आवड समजू नका. त्या वर्षी मार्च उशिरा जागा झाला होता एवढंच.

*

मोठ्या योजनांकडं वळू. मोठ्या म्हणजे खरोखर मोठ्या.

पीएम श्री. सप्टेंबर २०२२ मध्ये मंजुरी, देशभरात १४,५०० शाळा, एकूण खर्च २७,३६० कोटी. शाळांनी आपण होऊन पुढं यायचं, निकष पुरे करायचे, आव्हान स्वीकारायचं. एका गटातून जास्तीत जास्त दोन शाळा. म्हणजे अख्ख्या भोर तालुक्यातून दोन, अख्ख्या वेल्ह्यातून दोन. बाकीच्यांनी आव्हान स्वीकारायचं आणि घरी न्यायचं.

अटल टिंकरिंग लॅब. नीती आयोगाची योजना, २० लाखांचं अनुदान : १० लाख उभारणीला, १० लाख पाच वर्षं चालवायला. सहावीपासून पुढच्या शाळांसाठी. चांगली योजना आहे, टिंगल करायचं कारण नाही. फक्त जागा १,५०० चौरस फूट लागते. हिमालयातल्या आणि डोंगरी राज्यांना, बेटांना १,००० चालतात. सवलत राज्य बघून आहे, डोंगर बघून नाही. तोरणा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला असला तरी महाराष्ट्र सपाट प्रदेशात मोडतो.

मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा. २०२३-२४ पासूनची स्पर्धा. राज्यात पहिली येणाऱ्या शाळेला ५१ लाख, तालुक्यात पहिलीला ३ लाख. स्पर्धेनं कित्येक गावांनी शाळा रंगवल्या, झाडं लावली, परसबागा केल्या. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तर्क बघा. जी आधीच सुंदर झाली तिला आणखी सुंदर व्हायला पैसे. जी कुरूप राहिली ती का राहिली, तर तिच्याकडं सुंदर व्हायला पैसे नव्हते. दवाखान्यानं सगळ्यात धडधाकट रोग्याला बक्षीस द्यावं, तसं हे झालं.

*

आता कंपन्या. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्यांची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल हजार कोटी किंवा नफा ५ कोटींच्या वर, त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायची. कामांच्या यादीत शिक्षण आहे आणि कंपन्यांना ते आवडतं, कारण पोरं फोटोत छान दिसतात.

नऊ पोरांच्या शाळेनं थेट कंपनीचं दार ठोठावलं तर? कंपनीला काम बहुतेक वेळा संस्थेमार्फत करायचं असतं. ती संस्था नोंदणीकृत हवी, प्राप्तिकराचे बारा-अ आणि ऐंशी-जीचे दाखले हवेत, बाहेरची असेल तर तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि २०२१ पासून तिची सीएसआर-१ नोंदणी हवी. म्हणजे शाळेनं आधी संस्था शोधायची, संस्थेनं कंपनी शोधायची, कंपनीनं गरजू शाळा शोधायची. ती शाळा बहुधा महामार्गापासून दहा मिनिटांवर सापडते. पाहुण्यांना संध्याकाळी परत जायचं असतं.

कायदा म्हणतो, कंपनी जिथं काम करते तिथल्या भागाला प्राधान्य द्या. मुद्दा रास्त आहे. पण भोरच्या सीमेवर नीरा वाहते. सारोळ्याचा पूल ओलांडला की शिरवळ. तिथं कारखान्यांची रांग आहे, पण तो खंडाळा तालुका आणि जिल्हा सातारा. भोरची माणसं पलीकडं कामाला जातात ती पुलावरून. निधीला अलीकडं यायचं असेल तर कंपनीच्या समितीत कुणाला तरी नकाशा नीट वाचता आला पाहिजे.  वेल्ह्याच्या पलीकडं तर कोकणकडा आहे, आणि त्यानं अजून ताळेबंद सादर केलेला नाही.

राज्य सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा दत्तक योजनाही काढली. ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी घ्यायची तर ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. रोख नाही, वस्तू आणि सेवांच्या रूपात. बदल्यात शाळेच्या नावाला देणगीदार सुचवेल ते नाव जोडता येतं. मोठ्या महापालिकांत हाच दर दोन आणि तीन कोटी. जाहिरात फलकांचे दर असेच असतात, मोक्याच्या चौकात जास्त. घाटातल्या शाळेच्या भिंतीवरचं नाव वाचणार कोण? नऊ पोरं, आणि त्यातल्या पहिलीतल्या दोघांना अजून वाचता येत नाही.

याच ५० लाखांचा दुसरा उपयोग सांगतो. मोठा सीएसआर असलेल्या कंपन्यांना एक कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणं त्यावर एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत खर्च दाखवता येतो. म्हणजे एक ग्रामीण शाळा पाच वर्षं चालवायला जेवढे पैसे पुरेसे मानलेत, निदान तेवढे शाळा सुधारली का हे बघायला मंजूर आहेत. मापाडी धान्याच्या भावात पडला.

कंपन्यांच्या खालोखाल शनिवार-रविवारचे दाते. राजगड-तोरण्याला येणारी मंडळी मनानं चांगली असतात. वह्या आणतात, दप्तरं आणतात, रंगपेट्या आणतात. पण गाडी जिथं उभी राहते तिथल्याच शाळेत. डांबर संपलं की वह्या संपतात. पायथ्याच्या शाळेतल्या पोराकडं तीन दप्तरं आणि वरच्या धनगरवाड्यावरच्या पोराकडं पिशवी, असं चित्र असेल तर दोष पोरांचा नाही, पार्किंगचा आहे.

*

कुणी काय देतं याची यादी केली तर ती अशी होते : स्मार्ट टीव्ही, संगणक, टॅब, सौर दिवे, बोलक्या भिंती, हात धुवायचं केंद्र, कोनशिला. कुणीच काय देत नाही त्याची यादी अशी : विजेचं बिल, टीव्ही बिघडल्यावर भोरहून येणाऱ्या मेकॅनिकचं भाडं, संडास साफ करणाऱ्या बाईंची मजुरी, पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या पोरांना आणणाऱ्या गाडीचं डिझेल, आणि शिकवायला तिसरं माणूस.

पहिल्या यादीतल्या प्रत्येक वस्तूचं उद्घाटन करता येतं. दुसऱ्या यादीतल्या कशाचंच येत नाही. डिझेलला फीत बांधून कापता येत नाही, आणि बिल भरल्याच्या पावतीला नारळ वाढवलेला कुणी पाहिला नाही. म्हणून ओल धरलेल्या भिंतीवर फळांची नावं रंगवली जातात आणि दोन पावसाळ्यांत आधी फणस जातो, मग आंबा.

*

हा रडगाण्याचा प्रकार नवा नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. सरकारची तिजोरी राबणाऱ्या रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हा त्यातला मुख्य आक्षेप. लोकल फंडाची निम्मी रक्कम प्राथमिक शिक्षणासाठी वेगळी ठेवा, ही मागणी त्यातलीच. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान होतं, त्यामुळं त्या आयोगाशी इथल्या शाळांचा थेट संबंध नव्हता. युक्तिवाद मात्र जसाच्या तसा लागू पडतो. भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या डाव्या कालव्यानं बारामती-इंदापूरकडं जातं, उजव्यानं फलटण-माळशिरसकडं. पानशेत-वरसगावचं पाणी पुणं पितं. ज्या खोऱ्यांनी त्यासाठी जमिनी दिल्या त्यांच्या पोरांची शाळा आता पट कमी म्हणून १० हजारांत बसते. पट कमी का, तर खोऱ्यात कसायला जमीन कमी. ती कुठं गेली, ते नळ सोडून बघा.

लोकांनी काही केलं नाही असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि घरोघरच्या मूठमूठ धान्यावर वसतिगृहं चालवली. त्या मुठीला अर्जाचा नमुना नव्हता. आजही जिल्हा परिषदेचे शिक्षक लोकवर्गणीवर चमत्कार करतात. आपल्याच जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा बंद पडायच्या वाटेवर होती. ती गावानं आणि शिक्षकांनी उभी केली आणि २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकपसंतीचा मान तिला मिळाला. अशा शाळेला मुजरा. पण सरकारनं प्रत्येक शाळेकडून चमत्काराची अपेक्षा करायला सुरुवात केली की समजावं, तरतूद संपली आहे.

*

आणि चमत्कार झाला नाही तर? त्यावरही तोडगा आहे. अनुदान शाळेला पुरत नसेल तर शाळाच हलवायची.

२१ सप्टेंबर २०२३ च्या पत्रानं शिक्षण आयुक्तांनी कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. उदाहरणं दोन दिली होती : नंदुरबारचं तोरणमाळ आणि आपल्या वेल्ह्यातलं पानशेत. राज्यात विसापर्यंत पटाच्या शाळा तेव्हा १४,७८३ होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं.

समूह शाळेला सरसकट नावं ठेवणार नाही. नऊ पोरांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. एकाच बाकावर तिसरी-चौथी बसवून शिकवणं यात रम्य काही नसतं. ते रम्य शहरातल्या लेखकांना वाटतं. मोठ्या शाळेत सोबती मिळतात, विषयाला शिक्षक मिळतो. पण हिशेब मांडायचाच तर पुरा मांडू. शाळा लांब पडणाऱ्या वस्तीवरच्या मुलाला प्रवासासाठी वर्षाला ६ हजारांपर्यंत देण्याची तरतूद समग्र शिक्षेतच आहे. नऊ पोरांचे झाले ५४ हजार. म्हणजे पोरांना गावात ठेवायला १० हजार आणि गावाबाहेर न्यायला ५४ हजार. खरी बचत शिक्षकांच्या पगारात आहे, तेवढं स्पष्ट बोलावं. 'गुणवत्तेसाठी' हा शब्द मधे आणू नये. आणि गाडीचा चालक जुलैत मढे घाटाकडच्या धुक्यातून पोरं आणणार आहे, हेही प्रस्तावात लिहावं. नावीन्यपूर्णतेच्या रकान्यात.

*

आता कायद्याकडं येऊ, कारण गंमत तिथंच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणं प्रत्येक सरकारी शाळेची व्यवस्थापन समिती असते, तीन चतुर्थांश सदस्य पालक. कलम २२ प्रमाणं ही समिती शाळेचा विकास आराखडा करते. आणि त्याच कलमाचं दुसरं पोटकलम सांगतं की सरकारच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या योजना आणि अनुदानं यांचा आधार हा आराखडाच असेल.

पुन्हा वाचा. आधार आराखडा असेल. पट नव्हे, स्पर्धा नव्हे, देणगीदाराची आवड नव्हे. पालकांनी लिहून द्यायचं, 'आम्हाला ओढ्यावर साकव हवा, छप्पर हवं, बिल भरायला पैसे हवेत,' आणि त्याप्रमाणं पैसे यायचे. कायदा २००९ चा आहे. आराखडे दर तीन वर्षांनी होतात, पालक सह्या करतात, कागद गटसाधन केंद्रात जातो आणि तिथं कपाटाला आधार देतो. अनुदान तक्त्याप्रमाणं येतं.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. एक, तक्त्यात पटाशेजारी पाऊस आणि अंतर असे दोन रकाने वाढवा; प्रत्येक शाळेला छपराचा ठरावीक खर्च आधी द्या, डोकी नंतर मोजा. दोन, दर केंद्रशाळेला एक माणूस द्या ज्याचं काम फक्त अर्ज लिहिणं आणि हिशेब ठेवणं असेल; गुरुजींना फळ्याकडं जाऊ द्या. तीन, सरकारी असो की कंपनीचा, अर्जाचा नमुना एकच असू द्या, आणि तो म्हणजे तोच विकास आराखडा. आणि गावकऱ्यांसाठी चौथं : वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी ग्रामपंचायतीत येतो. शाळेचा नळ आणि संडास ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घातला का, एवढं ग्रामसभेत विचारा. यासाठी कुणाची कंपनी लागत नाही, तोंड लागतं.

तोपर्यंत शाळांनी एक करावं. आजवर अर्ज शाळांनी भरले, आता देणगीदारांनी भरावेत. नमुना आम्ही देतो, कुणीही वापरावा.

देणगी देण्यासाठी विनंती अर्ज (देणगीदारानं स्वहस्ते भरायचा)

१. देणगीदाराचं नाव. ते भिंतीवर किती फूट हवं? भिंत तेवढी आहे का, हे पाहून गेलात का?

२. देऊ केलेली वस्तू विजेवर चालते का? चालत असल्यास पुढील पाच वर्षांचं बिल कोण भरणार? हमीपत्र जोडावं.

३. वस्तू बिघडल्यास दुरुस्तीला कोण येणार? 'पुण्याहून' असं उत्तर असल्यास तो जुलैत येईल का?

४. याआधी देणगी दिलेल्या तीन शाळांना दोन वर्षांनी परत भेट दिली होती का? जिओटॅग फोटो जोडावेत. फोटोत देणगीदार नसला तरी चालेल, वस्तू चालू दिसली पाहिजे.

५. आपली देणगी शाळेच्या विकास आराखड्यातल्या कितव्या गरजेसाठी आहे? आराखडा वाचला नसल्यास आधी वाचावा.

६. कार्यक्रमात किती भाषणं होणार? पोरांना तेवढा वेळ उन्हात बसवण्यासाठी पालकांची संमती जोडावी.

७. नावीन्यपूर्णता लिहू नये.

टीप : अर्ज तीन प्रतींत, शाळा व्यवस्थापन समितीकडं समक्ष सादर करावा, डांबरी रस्ता संपल्यावर पुढं चालत यावं लागेल. अपूर्ण अर्ज असलेल्या देणग्या विचारात घेतल्या जाणार नाहीत व त्याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.